रॉक संगीत आणि आम्ही

आमच्या ख्रिस्ती समाजाला संगीताचे वावडे कधीच नव्हते. बारसे असो, लग्न असो वा सण, वाद्यांवाचून आमचे पान हलत नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून सूरलिपी शिकून मुंबईस आलेल्या वादकांनी एके काळी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद सांभाळले. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावे आजही आदराने घेतली जातात. वसईच्या आमच्या गावात लग्नाच्या वरातीपुढे बँड वाजू लागला, की म्हातारी माणसेही ओट्यावर येऊन उभी राहत. असे असूनही एका संगीताचे नाव निघाले, की अजूनही अनेक घरांतील भुवया उंचावतात. ते म्हणजे रॉक संगीत. ते नुसता गोंगाट आहे, असे एक पक्ष म्हणतो. ते सैतानाचे आहे, असे दुसरा. या दोन्ही आरोपांच्या सावलीत आम्ही गेली पन्नासहून अधिक वर्षे हे संगीत ऐकत आलो आहोत, त्यावर प्रेम करीत आलो आहोत. या प्रेमाचा प्रवास कसा झाला आणि त्यात आमच्या श्रद्धेचे काय झाले, हे वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे वडील चर्चमध्ये व्हायोलिन वाजवीत. दिवसा मुंबईत कारकुनी आणि रविवारी गायनवृंदात व्हायोलिन, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. सूरलिपी ते धोबीतलावच्या एका गोवेकर मास्तरांकडे शिकले होते. त्या काळी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. लोकांना शब्द कळत नसत, परंतु 'कीरिये'चे सूर शेतावर काम करणाऱ्या बायकांनाही पाठ होते. वडिलांच्या लेखी संगीताचे दोनच प्रकार होते : बाख ज्यात मावतो ते, आणि उरलेले.

घरात एक मर्फीचा रेडिओ होता. त्यावर रात्री, खरखर सोसत, आम्ही रेडिओ सिलोनचे इंग्रजी कार्यक्रम आणि शनिवारी आकाशवाणी मुंबईचे 'सॅटर्डे डेट' ऐकत असू. ऐकणारे खरे म्हणजे आमचे थोरले बंधू, दादा. आम्ही त्यांच्या मागे बसून ऐकण्याचा मान मिळवलेले. १९६७ सालच्या अखेरीस एका रात्री 'प्रोकोल हारम' नावाच्या इंग्लिश वृंदाचे 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे गीत लागले. प्रारंभीच ऑर्गनचा एक दीर्घ, सावकाश उतरत जाणारा सूर. वडील बाजूच्या खोलीत व्हायोलिनच्या गजाला राळ लावीत होते. ते उठून दारात आले आणि त्यांनी विचारले, "हा ऑर्गन कोणत्या चर्चमधला?" दादा म्हणाले, "चर्चमधला नाही, रॉकवाल्यांचा आहे." वडिलांचा विश्वास बसला नाही. गीत संपेपर्यंत ते उभे राहिले आणि जाताना एवढेच म्हणाले, "वाजवणाऱ्याने बाखचा अभ्यास केलेला दिसतो."

त्यांचे निदान अचूक होते. त्या गीताच्या ऑर्गनवर बाखच्या रचनांची छाया आहे, हे पुढे सर्वमान्य झाले. पण आम्हांला अधिक नवल वाटले ते त्या वाद्याच्या कुळकथेचे. लॉरेन्स हॅमंड या अमेरिकन यंत्रज्ञाने १९३५ साली विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. नळ्यांचा खरा ऑर्गन उभारणे म्हणजे एक इमारत बांधण्यासारखे खर्चाचे काम. लहान चर्चना ते कोठून परवडणार? त्यांच्यासाठी हा हॅमंड ऑर्गन वरदान ठरला आणि अमेरिकेतील हजारो चर्चमधून तो वाजू लागला. विशेषतः कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत त्याने मूळच धरले. तेथून तो ब्लूज आणि जॅझच्या वादकांनी उचलला, त्यांच्याकडून रॉकमध्ये आला. म्हणजे वडिलांनी त्या रात्री ओळखले ते वाद्य खरोखरच चर्चमधून आले होते. फक्त वाटेत त्याने बरीच वळणे घेतली होती.

दादा मुंबईत फोर्ट भागात नोकरीला लागले आणि आमचे ऐकणे वाढले. काळा घोडा येथील 'रिदम हाउस'मध्ये तबकड्या ऐकून पाहण्यासाठी छोट्या खोल्या होत्या. विकत घेण्याची ऐपत क्वचितच असे, परंतु ऐकण्याला मनाई नव्हती. पगाराच्या शनिवारी दादा आम्हांला तेथे नेत. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, जिमी हेंड्रिक्स यांची पहिली ओळख त्या काचेच्या आड उभे राहून झाली. ते दुकान २०१६ साली बंद झाले, तेव्हा आमच्या पिढीतील अनेकांना एखादा नातलग गेल्यासारखे वाटले. कलकत्त्याहून 'ज्युनिअर स्टेट्समन' नावाचे तरुणांचे साप्ताहिक निघे. १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षे ते चालले. त्यातील गायकांची रंगीत चित्रे कापून आम्ही वहीत चिकटवीत असू. वहीच्या पहिल्या पानावर मात्र आईच्या आग्रहास्तव पवित्र मरियामातेचे चित्र होते.

हे संगीत आहे तरी काय, असे आमच्या वाचकांपैकी अनेकांना वाटत असेल. ते थोडक्यात सांगतो. रॉकची आई ब्लूज. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या वंशजांनी गायलेले ते शोकगीत. त्याचा साचा बहुधा बारा आवर्तनांचा : एक ओळ गावी, तीच पुन्हा गावी आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावे. त्यातील काही स्वर, विशेषतः गंधार आणि निषाद, ना धड कोमल ना धड शुद्ध, त्यांच्या मधल्या जागेवर लावले जातात. पियानोवर ती जागाच नाही. पण आपल्या गवयांना ती परकी वाटणार नाही. ठेका चार मात्रांचा, मात्र जोर पहिल्या मात्रेवर न देता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. टाळी तेथे पडते. म्हणूनच ते ऐकताना पाय आपोआप हलू लागतो.

आणि गिटार. विजेच्या गिटारमध्ये गूढ असे काही नाही. तारांखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली, की त्या वेढ्यांत अतिशय क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. तो ध्वनिवर्धकाने वाढवायचा. हे तंत्र १९३० नंतरच्या दशकात आले, ते नृत्यगृहांच्या गलबल्यात गिटार ऐकू यावी म्हणून. पुढे वादकांच्या ध्यानात आले, की ध्वनिवर्धक त्याच्या शक्तीबाहेर ताणला तर आवाज फाटतो आणि त्या फाटलेल्या आवाजात एक आर्तता असते. पट्टीच्या गवयाचा आवाज तारसप्तकात जाऊन किंचित चिरतो, तेव्हा जे काळजाला भिडते, तेच हे. ज्याला गोंगाट म्हणतात, त्याचा बराचसा भाग या फाटण्यात आहे. ते ऐकण्याची सवय कानाला लावावी लागते, हे आम्ही मान्य करतो.

पण आमच्यासारख्या श्रद्धावंताला सर्वांत मोठा शोध लागला, तो या संगीताच्या आजोळाचा. ब्लूज जर आई, तर आजोळ म्हणजे चर्च. गुलामांना बायबलमधील इजिप्तच्या दास्याची आणि मोशेची कथा आपलीच वाटली. ती त्यांनी गाण्यांत ओवली. एकाने ओळ म्हणावी आणि समुदायाने उत्तर द्यावे, ही त्यांची रीत. आपल्या घरी जपमाळेनंतर लितानी म्हटली जाते, तिच्याहून ती फार निराळी नाही. थॉमस डॉर्सी नावाचा ब्लूज वाजवणारा एक पियानोवादक होता. १९३२ साली तो कार्यक्रमासाठी परगावी असताना त्याची पत्नी बाळंतपणात वारली आणि नवजात बाळही गेले. त्या दुःखात त्याने 'प्रेशस लॉर्ड' ही प्रार्थना रचली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महेलिया जॅक्सन यांनी तीच गायली. ब्लूजची धाटणी आणि देवाची विनवणी यांचा असा संगम झाला, आणि त्या भक्तिगीतांना 'गॉस्पेल' असे नाव पडले. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान!

याच परंपरेतील सिस्टर रोझेटा थार्प ही बाई. त्या धर्मभगिनी नव्हत्या, त्यांच्या पंथात बहिणीला तसे संबोधतात. १९१५ साली जन्मलेल्या या बाई लहानपणापासून आईबरोबर सुवार्तेच्या सभांत गात. त्यांनी भक्तिगीतांना विजेच्या गिटारची साथ दिली. १९४४ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' या गीताला अनेक जाणकार रॉकच्या पहिल्या गीतांत गणतात. १९६४ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे, एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावर, पावसात, अंगावर कोट चढवून त्या गिटार वाजवीत उभ्या आहेत आणि समोरच्या फलाटावर तरुण श्रोते बसले आहेत, असे चित्रीकरण उपलब्ध आहे. ते आम्ही फार उशिरा पाहिले. ते पाहताना आम्हांला नोव्हेनाला जाणाऱ्या आमच्या मावश्या-आत्याच आठवल्या. तोच कोट, तीच पर्स, तोच आत्मविश्वास.

एल्व्हिस प्रिस्ली हा रॉकचा राजा म्हणविला गेला. त्याला स्पर्धेतून मिळालेली तिन्ही ग्रॅमी पारितोषिके भक्तिगीतांसाठी होती. चक बेरीचे वडील बाप्टिस्ट चर्चचे डीकन होते. त्याचे 'जॉनी बी. गुड' हे गीत १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवर पाठविलेल्या सोनेरी तबकडीत समाविष्ट आहे. त्याच तबकडीत वडिलांचा बाख आहे आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. वडिलांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "वर देवाला सगळे एकदमच ऐकू येत असणार." त्यांच्या तोंडून रॉकविषयी निघालेला हा सर्वांत उदार उद्गार.

१९७० साली 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' ही ध्वनिमुद्रिका निघाली. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर त्या वेळी बावीस वर्षांचा आणि गीतकार टिम राइस पंचवीस वर्षांचा. प्रभूच्या अखेरच्या दिवसांची कथा रॉकमध्ये, आणि तीही बऱ्याच अंशी यहुदाच्या नजरेतून! १९७४ साली अॅलेक पदमसी यांनी ती मुंबईच्या रंगभूमीवर आणली. त्यात यहुदाची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. मराठी रंगभूमीवरील आत्माराम भेंडे यांचे ते चिरंजीव. हेच नंदू भेंडे पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश म्हणून मराठी प्रेक्षकांपुढे आले. दादा, आम्ही आणि गायनवृंदातील एक मित्र असे तिघे वसईहून ते नाटक पाहावयास गेलो. परतताना विरारच्या शेवटच्या गाडीत कोणी एकमेकांशी बोलले नाही. यहुदाच्या पश्चात्तापाने आम्हां तिघांना मुळापासून हलविले होते. गुड फ्रायडेला दरवर्षी ऐकलेली दुःखसहनाची कथा आम्हांला जणू प्रथमच ऐकू आली होती.

गावात या नाटकाची चर्चा झाली. हे नाटक क्रूसापाशी संपते, त्यात पुनरुत्थान नाही, हा आक्षेप रास्त होता. आमच्या धर्मग्रामातील एका तरुण फादरांनी तरुण मंडळाच्या बैठकीत त्यावर बोलणे घडवून आणले. ते म्हणाले, "नाटक शुक्रवारी थांबले आहे. रविवार तुम्ही गायचा आहे." त्या वर्षी ईस्टरच्या मिस्सामध्ये आमच्या गायनवृंदात प्रथमच गिटार वाजली. वडिलांनी त्या गिटारच्या तारा स्वतः व्हायोलिनशी जुळवून दिल्या.

पुढे दादा आखातात गेले. त्या काळी आमच्या गावांतून कितीतरी मुले कुवेत, बहारीन, दुबई येथे जात. पहिल्या सुटीत त्यांनी टू-इन-वन आणला. पत्र लिहिण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून ते कॅसेटवर बोलून पाठवीत. अशा बोलक्या पत्रांची त्या काळात आखाती नोकरदारांत प्रथाच होती. दादांची रीत अशी, की एका बाजूस घरच्यांसाठी निरोप आणि दुसऱ्या बाजूस आमच्यासाठी रॉक. आईसाठी ते आमच्या सामवेदी बोलीत बोलत : जेवण काय मिळते, उकाडा किती आहे, मिस्सा कोठे होते.

एकदा आईने कॅसेट उलटी लावली. बीटल्सचे 'लेट इट बी' सुरू झाले. आईला इंग्रजी येत नव्हते, परंतु 'मेरी' हा शब्द तिने पकडला आणि विचारले, "हे मरियामातेचे गाणे आहे काय?" आम्ही तिला खरे ते सांगितले. पॉल मॅकार्टनीच्या आईचे नाव मेरी. ती कॅथलिक होती, परिचारिका होती. पॉल चौदा वर्षांचा असताना, १९५६ साली, ती कर्करोगाने वारली. पुढे बीटल्समध्ये बेबनाव झाला, पॉलचे मन अस्वस्थ झाले, तेव्हा ती स्वप्नात आली आणि तिने धीर दिला. त्यावरून हे गीत झाले. आई म्हणाली, "मग मरियामातेचेच झाले की. आई गेलेल्या पोराला दुसरे कोण येणार?" गीताला कोणी धार्मिक अर्थ दिला तर आपली हरकत नाही, असे मॅकार्टनीनेही नंतर म्हटले आहे. आईने मात्र त्याची परवानगी मागितली नव्हती.

१९८३ साली दादा तिकडेच रस्त्यावरील अपघातात गेले. त्यांचे वय छत्तीस होते. त्यांच्या सामानाबरोबर एका खोक्यात साठ-सत्तर कॅसेट आल्या.

त्यानंतर तीन वर्षांनी, उपवासकाळात, गावोगावी तपसाधना झाल्या. बाहेरून आलेल्या एका प्रवचनकारांनी रॉक संगीतावर कडक प्रहार केले. काही गीते उलटी वाजविली, तर त्यांत सैतानाची स्तुती ऐकू येते, असा एक प्रवाद त्या वर्षांत अमेरिकेतून जगभर पसरला होता. 'लेड झेपेलिन'च्या १९७१ सालच्या 'स्टेअरवे टू हेवन' या गीतावर तो आरोप विशेष होता. प्रवचनकारांनी सांगितले, की घरात अशा कॅसेट असतील तर त्या आणून द्या, शेवटच्या दिवशी त्यांची होळी करू. अनेक मुलांनी आणून दिल्या. आमच्या शेजाऱ्यांनी आईला सुचविले, की तुमच्या घरातही खोका आहे.

हे संगीत निष्कलंक आहे, असे आम्ही त्या वेळीही म्हणत नव्हतो, आजही म्हणत नाही. हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉपलिन १९७० साली, जिम मॉरिसन १९७१ साली, तिघेही सत्ताविसाव्या वर्षी गेले. पहिल्या दोघांच्या मृत्यूला अमली पदार्थ कारण झाले. डिसेंबर १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात आल्टामाँट येथे रोलिंग स्टोन्स गात असताना रंगमंचासमोर एका तरुणाचा भोसकून खून झाला. मुंबईत गर्दच्या व्यसनाने ज्या वर्षांत घरे उद्ध्वस्त केली, त्याच वर्षांत ती प्रवचने झाली. प्रवचनकारांच्या मनातील कळकळ खरी होती, आणि ज्यांचा मुलगा त्या वाटेला लागला होता, त्या आईबापांची भीती तर सर्वांहून खरी होती. परंतु उलट्या गीतांचा प्रवाद मात्र टिकणारा नव्हता. कोणतेही बोलणे उलटे वाजविले, तर अर्थहीन आवाज येतात, आणि त्यांत काय ऐकायचे हे आधी सांगितले, की कान तेच ऐकतो.

आईने यांपैकी काही वाचले नव्हते. तिने तो खोका उचलला आणि घरातील वेदीखाली, जेथे पवित्र हृदयाची तसबीर आणि मेणबत्त्या असत, तेथे ठेवला. शेजाऱ्यांना ती म्हणाली, "एका बाजूला गाणी आहेत, दुसऱ्या बाजूला माझा मुलगा आहे. एक बाजू कशी जाळू?" होळी झाली. आमचा खोका घरीच राहिला. वडील त्या संध्याकाळी चर्चमध्ये नेहमीप्रमाणे व्हायोलिन वाजवावयास गेले आणि परत आल्यावर आम्हांला म्हणाले, "वाद्याला पाप लागत नाही. वाजवणारा कोणासाठी वाजवतो, तेवढे बघावे."

वडिलांचे हे वाक्य घेऊन आम्ही पुढे ख्रिस्तसभेचा इतिहास चाळला. पोप पायस दहावे यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात चर्चमध्ये ढोल व झांजा यांसारख्या वाद्यांबरोबर पियानोलाही मनाई होती. आज पियानोला कोण सैतानी म्हणेल? डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि उपासनेला साजेशी, लोकांच्या आत्मिक उन्नतीस हातभार लावणारी अन्य वाद्ये स्वीकारण्यास वाट मोकळी केली. आपली मिस्सा मराठीत आली, तबला-पेटी वेदीजवळ आली, ती याच वाटेने.

२७ सप्टेंबर १९९७ रोजी इटलीतील बोलोन्या येथे युखरिस्त परिषदेच्या निमित्ताने लाखो तरुण जमले होते. तेथे पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर बॉब डिलन गायला. गाणे झाल्यावर तो टोपी काढून पोप महोदयांपाशी गेला. पोप महोदयांनी आपल्या भाषणात त्याच्याच एका प्रसिद्ध गीताचा धागा धरला. ज्या वाऱ्याविषयी ते गीत आहे, तो वारा म्हणजे पवित्र आत्म्याचा श्वास होय. आणि माणसाला चालावयाची वाट एकच, ती ख्रिस्त, अशा आशयाचे ते बोलले. त्या वेळचे कार्डिनल रॅटझिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांना तो कार्यक्रम रुचला नव्हता, आणि त्यांनी पुढे तसे लिहिलेही. उपासनाविधीवरील आपल्या २००० सालच्या ग्रंथात त्यांनी रॉकवर टीका केली आहे. गर्दी, ठेका आणि प्रकाश यांच्या लाटेत माणूस स्वतःला हरवून बसतो, तर ख्रिस्ती उपासनेत त्याने जागे राहावयाचे असते, असा तिचा रोख आहे. आम्ही रॉकचे प्रेमी असूनही ही टीका आम्हांला विचारात घेण्याजोगी वाटते. प्रत्येक चांगले संगीत वेदीपाशीच गेले पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. घरातील सर्व अन्न चांगले असते, म्हणून ते सारे प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवीत नाहीत.

तथापि वेदीबाहेरही देवाचे राज्य आहेच. 'द बर्ड्स' या वृंदाने १९६५ साली लोकप्रिय केलेले 'टर्न! टर्न! टर्न!' हे गीत पीट सीगर यांनी जवळजवळ संपूर्णपणे 'उपदेशक' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातून घेतले. आयर्लंडच्या 'यू टू' या वृंदाने १९८३ साली चाळिसाव्या स्तोत्रावर '४०' हे गीत रचले आणि अनेक वर्षे आपल्या कार्यक्रमांची सांगता त्यानेच केली. वाद्ये एकेक करून थांबत आणि श्रोते ती ओळ गात गात घरी जात. त्यांचा गायक बोनो १९९९ साली गरीब देशांच्या कर्जमाफीच्या मागणीसाठी पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटला, तेव्हा पोप महोदयांनी त्याचा काळा चश्मा गमतीने स्वतःच्या डोळ्यांवर चढविला होता. आणि १९६६ साली बीटल्स येशूपेक्षा अधिक लोकप्रिय आहेत, असे जॉन लेनन बोलून गेला म्हणून अमेरिकेत ज्यांच्या तबकड्या जाळल्या गेल्या, त्याच बीटल्सची २००८ साली व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या दैनिकाने प्रशंसा केली आणि लेननचे ते बोलणे तरुण वयातील फुशारकी म्हणून सोडून दिले. ख्रिस्तसभा सावकाश ऐकते, परंतु ऐकते.

आपल्या भूमीतही या संगीताने मूळ धरले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी मैफल केली, ती रॉकमधील मोठ्या धर्मादाय मैफलींची आरंभरेषा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारच्या रंगभवनात १९८० साली 'द पोलीस' हा वृंद गाऊन गेला, आणि १९८६ पासून तेथे 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागला. गोव्यात शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही कॅसेट घरातच ध्वनिमुद्रित केली आणि दुकानोदुकानी स्वतः नेऊन विकली. मांडो ऐकत वाढलेल्या माणसाचा तो रॉक होता, हे त्याच्या पहिल्या सुरातच कळते.

आज आमच्या घरात टू-इन-वन नाही. दादांच्या कॅसेटपैकी ज्या वाचल्या, त्या आमच्या पुतण्याने, म्हणजे दादांच्याच मुलाने, संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. बापाला तो कळत्या वयात भेटलाच नाही. परंतु बापाची आवड त्याला तोंडपाठ आहे. फितींवरची गाणी मळली आहेत, आवाज मधूनच बुडतो, पण सामवेदीतील ते बोलणे स्वच्छ आहे. आई २००१ साली गेली, वडील तिच्या आधी. वडिलांचे व्हायोलिन आता धर्मग्रामातील एक मुलगी वाजवते आणि तिच्या शेजारी ड्रमवर तिचा भाऊ असतो. फादरांनी त्याला आवाज बेताचा ठेवण्यास सांगितले आहे, आणि तो बहुधा ठेवतो.

आमच्या धर्मग्रामांतील आईवडिलांना एक विनंती करावीशी वाटते. पूर्वी घरात रेडिओ एकच असे. मुलगा काय ऐकतो ते वडिलांना बाजूच्या खोलीत ऐकू जाई, आणि म्हणूनच ते गजावरची राळ बाजूला ठेवून दारात येऊ शकले. आता मुलांच्या कानांत यंत्रे असतात, आणि बापलेकांच्या मध्ये दार नसतानाही दार बंद असते. तेव्हा मुलाने कानातील यंत्र काढावे, अशी आज्ञा देण्यापूर्वी त्यातील एक बाजू आपल्या कानाला लावून पाहावी. कदाचित कर्कशच वाटेल. कदाचित एखादा ऑर्गन ओळखीचा निघेल. आवडले नाही, तर तसे सांगावे. परंतु ऐकून सांगावे.